सेजहेन ओढ्याचा कापडी नकाशा

१

जेबेझ ट्रेलोर सापडला तो एका जुन्या शाफ्टच्या तळाशी, खाणवाल्यांनी खणून सोडून दिलेल्या उभ्या विहिरीत. मान मोडलेली, टोपी बाजूला, आणि पाठीला पट्ट्याने बांधलेली ती पत्र्याची नळी. टास्कर गावात त्या नळीशिवाय त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"पाय घसरला बिचाऱ्याचा," सरकारी वकील फेल्प्स वरून डोकावत म्हणाला. "या वयात डोंगर चढायची हौस कशाला?"

दोर लावून त्याला वर काढलं तेव्हा जूनचं ऊन चांगलंच तापलं होतं. सेजच्या झुडपांचा कडवट वास सुटला होता. माणसं हॅट काढून उभी राहिली. गावात सगळे त्याला अंकल जेब म्हणायचे. पन्नासेक वर्षांपूर्वी सरकारी मोजणीवाले पहिल्यांदा या डोंगरांत आले, तेव्हा हा विलायतेतून आलेल्या कॉर्निश खाणकामगाराचा पोरगा त्यांच्या बरोबर हिंडला होता. पुढे तो स्वतःच नकाशे काढायला लागला. सेजहेन खोऱ्याचा पहिला नकाशा त्याच्या हातचा. सरकारने छापला तो लहान आकाराचा, बरंच काही गाळलेला. मूळ मोठा नकाशा जाड कापडावर चिकटवलेला होता. चार कोपऱ्यांना टांगण्यासाठी पितळी कडी होती. तो अंकल जेबजवळच राहिला होता, त्या नळीत.

शेरीफ मायते लिंडेल गुडघ्यांवर बसली. नवरा ऑस्कर वारला, तेव्हा त्याची उरलेली मुदत पुरी करायला काउंटीने तिलाच खुर्चीवर बसवलं होतं. तात्पुरती सोय, असं सगळे धरून चालले होते. तिने नळीचं झाकण फिरवलं. झाकण घट्ट होतं, दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.

नळी रिकामी होती.

"शेरीफबाई, चला आता," फेल्प्स म्हणाला. "अपघात म्हणून कागद करून टाकू."

मायते नळीच्या काळोख्या तोंडात पाहत राहिली. रिकामी नळी पाठीला बांधून कुणी एवढा डोंगर चढत नाही. आणि नकाशा बाहेर काढून बघता बघता तो पडला असेल, तर नकाशा हवा होता इथेच आणि झाकण हवं होतं उघडं.

"अपघात नाही," ती उठत म्हणाली. "नकाशा कुणीतरी नेलाय. झाकण लावून नेलाय."

हे बोलताना आपण कुणाच्या गळ्यात दोर अडकवतो आहोत, हे तिला तेव्हा कळलं नाही.

२

येत्या सोमवारी सेजहेन ओढ्याच्या पाण्याची सुनावणी होती. त्या मुलखात पाण्याचा कायदा सरळ आहे. ज्याचा पाट आधीचा त्याचं पाणी आधी, मागच्याला उरलं तर मिळणार. दावेदार तीन होते. ओढ्याच्या वरच्या अंगाला डग्लस वेनराइटचं गुरांचं मोठं रँच. मधे मायतेचा धाकटा भाऊ बिशेंते उगाल्दे आणि त्याच्या मेंढ्या. खाली खनिज कुटायची मिल, तिचा मॅनेजर ड्वाइट केसलर. तिघेही छातीठोकपणे सांगत होते की आमचाच पाट जुना. छापील नकाशात पाट दाखवलेलेच नव्हते. अंकल जेबच्या कापडावर मात्र त्या काळचा प्रत्येक पाट होता.

त्या कापडावर कुणाकुणाचा पाट आहे, हे एकाच माणसाला ठाऊक होतं. साक्षीआधी तो कुणाला काही सांगणार नव्हता.

"मग आता न्यायाधीश काय करणार?" फेल्प्सने कोर्टाच्या पायऱ्यांवर विचारलं.

"म्हातारा बेपत्ता असेपर्यंत सुनावणी पुढे ढकलणार होते," मायते म्हणाली. "आता तो सापडला. सोमवारी होईल."

"सापडला तो वेनराइटच्या हुशारीने, हे विसरू नका."

ते खरंच होतं. मंगळवारी दुपारी घरून निघालेला म्हातारा परतला नाही, म्हणून दोन दिवस सगळं गाव खालच्या खोऱ्यात शोधत होतं. वेनराइट मात्र शोधपथकाबरोबर अंकल जेबच्या घरात गेला होता, आणि टेबलावर पसरलेला छापील नकाशा त्याने सगळ्यांच्या देखत नीट पाहिला होता. त्यावर पेन्सिलीची एक रेघ होती. डोंगराच्या धारेवर मोजणीवाल्यांनी पितळी चकती ठोकली आहे, तिथून निघून ईशान्येकडे गेलेली. रेघेच्या टोकाला बारीक फुली. टेबलावरचाच कोनमापक लावून वेनराइटने रेघेचा कोन मोजला, आणि होकायंत्र घेऊन एकटा वर गेला. दुपारी धापा टाकत खाली आला तो बातमी घेऊनच. तो शाफ्ट कुठल्याच छापील नकाशावर नव्हता. झुडपांनी इतका झाकलेला की शेजारून गुरं हाकणाऱ्यालाही दिसू नये.

शिकागोहून येऊन दोनच वर्षं झालेला माणूस. हॉटेलात त्या संध्याकाळी सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

"त्यात काय मोठंसं?" वेनराइट लाजल्यासारखा हसला होता. "चाळीस अंश. होकायंत्रावर चाळीस लावले आणि नाकासमोर चालत सुटलो. एक पाऊल डावीकडे नाही, एक उजवीकडे नाही. झुडपांत पाय घातला आणि पुढे जमीनच नाही! थोडक्यात मीही गेलो असतो."

आता फेल्प्सने आवाज खाली आणला. "शेरीफबाई, खून म्हणालात तुम्ही. ठीक. मग मला सांगा, शाफ्टच्या सगळ्यात जवळ कुणाचा तळ आहे?"

मायते पायऱ्या उतरू लागली. उत्तर त्यालाच माहीत होतं.

"बिशेंतेचा. आणि गेल्या आठवड्यात हॉटेलात त्याने म्हाताऱ्याची कॉलर कुणाच्या देखत धरली? अर्ध्या गावाच्या. 'आमचा पाट आहे की नाही, एवढं सांग म्हाताऱ्या,' असं ओरडत होता. मंगळवारी दुपारी कुठे होता तो?"

"मेंढ्यांत होता म्हणतो."

"तो म्हणतो. तुम्ही काय म्हणता?"

मंगळवारी दुपारी मायते ताजा पाव आणि रश्शाचं भांडं घेऊन भावाच्या तळावर गेली होती. कुत्रा गाडीला बांधलेला. चूल थंड. मेंढ्या पोरक्यासारख्या उतारावर पांगलेल्या. तिने हाका मारल्या, वाट पाहिली, भांडं गाडीत ठेवलं आणि परत आली.

खोटं बोलायला एक शब्द पुरला असता.

"मी गेले होते तिथे," ती म्हणाली. "तो तळावर नव्हता."

फेल्प्सने हॅट डोक्यावर चढवली. "मग अटक तुम्ही करता की मी दुसऱ्या काउंटीतून माणूस मागवू?"

३

बिशेंतेने हात पुढे केले, पण मायतेने बेड्या खिशातून काढल्याच नाहीत.

"मुकाट्याने गाडीत बस," ती म्हणाली. "आणि मला सांग, कुठे होतास."

"मेंढ्यांत."

"बिशेंते, मी आले होते त्या दिवशी. रस्सा कुठून आला वाटलं तुला? आकाशातून पडला?"

चाळिशी उलटलेला, रुंद खांद्यांचा माणूस, पण खालचा ओठ दातांत धरायची सवय लहानपणापासूनची.

"कुणी बाई आहे का?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग काय आहे? अरे, ते तुला कार्सनला नेतील. तिथल्या तुरुंगात फाशी देत नाहीत, विषारी वायू सोडतात. माहीत आहे ना?"

"आर्रेबा," तो म्हणाला. बहिणीला बापाच्या भाषेत अशीच हाक मारायचा तो, फार हळवा झाला की. "म्हाताऱ्याला मी हात लावला नाही. कॉलर धरली ती चूक झाली. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली. त्याने मला कॉफी पाजली. याच्यापुढे विचारू नकोस. कुणीही विचारलं तरी मी सांगणार नाही, तू विचारलंस तर नाहीच नाही."

हे शेवटचं वाक्य तिला झोंबलं. बहिणीला सांगता येणार नाही असं काय असतं?

त्याला कोठडीत बसवून ती मिलवर गेली. केसलरचं ऑफिस धुळीने पांढरं झालेलं. भिंतभर खाणींचे आराखडे. तो उभा राहिला, खुर्ची पुसून दिली, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मापून दिलं.

"मंगळवारी दुपारी?"

"कंपनीच्या कामाने बाहेर होतो."

"कुठे?"

"ते सांगायची मला परवानगी नाही."

"खुनाच्या चौकशीत तुमची कंपनी परवानग्या देते का, मिस्टर केसलर?"

त्याचे कान लाल झाले. "सोमवारनंतर विचारा. सगळं सांगेन."

"सोमवारपर्यंत माझा भाऊ कोठडीत सडेल."

यावर केसलरने जे केलं ते तिच्या मनात राहिलं. त्याने नजर चुकवली, आणि टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ केली. भीती म्हणावी, तर तशी दिसत नव्हती. त्याला कशाची तरी लाज वाटत होती.

वेनराइटने मात्र दार उघडताच तिला आत घेतलं, आग्रहाने बसवलं, कॉफी ओतली. घर नवंकोरं, भिंतीवर हरणांची शिंगं, कोपऱ्यात जूनमध्येही पेटवलेली शेगडी.

"मंगळवारी मी दिवसभर कुंपणावर होतो. एकटाच, दुर्दैवाने," तो मोकळेपणाने म्हणाला. "माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या, मला राग नाही. पण बाई, मीच मारलं असतं तर मीच शोधून कशाला दिला असता? त्या भोकात तो शंभर वर्षं कुणाला दिसला नसता."

गाडी चालवताना सबंध वाट मायते त्या वाक्याभोवती फिरत राहिली. तो बरोबर बोलत होता, म्हणूनच तिला ते खटकत होतं.

तिघांपैकी दोघं काहीतरी लपवत होते. तिसऱ्याने सगळी दारं सताड उघडी ठेवली होती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंकल जेबच्या घरातला छापील नकाशा गुंडाळला, टेबलावरचा कोनमापक आणि ऑस्करचं सैन्यातलं होकायंत्र खिशात टाकलं, आणि घोड्यावरून धारेवर गेली. तिला एवढंच पाहायचं होतं, की बिशेंतेच्या तळावरून ती वाट दिसते का. दिसत असली, तर मंगळवारी म्हाताऱ्याबरोबर कोण चढलं हे एखाद्या मेंढपाळाने पाहिलं असेल.

पितळी चकती खडकात बसवलेली, वाऱ्याने गुळगुळीत झालेली. तिने वेनराइटसारखंच केलं. होकायंत्र चकतीवर धरलं, चाळीस अंश लावले, समोरचा एक वठलेला जुनिपर नजरेत पकडला आणि निघाली. मग पुढचा खडक, मग पुढचं झाड. सेजची झुडपं पायांना ओरबाडत होती. मॅगपाय पक्षी वरून टवाळी केल्यासारखे ओरडत होते. एक पाऊल डावीकडे नाही, एक उजवीकडे नाही.

आणि एकदम जमीन संपली. शाफ्ट नव्हता तो. ती एका उघड्या कड्याच्या टोकावर उभी होती, खाली दरी, दगडांचा खच.

"च्!" ती स्वतःवरच चिडली. परत चकतीपाशी गेली. पुन्हा होकायंत्र, पुन्हा चाळीस. पुन्हा तोच कडा.

शाफ्ट कुठे आहे हे तिला आता माहीत होतं. तो बराच डावीकडे होता, मधल्या उंचवट्याच्या पलीकडे. कड्यावरून दिसतही नव्हता. मग रेघ चुकली होती? अंकल जेब रेघ चुकवणाऱ्यातला नव्हता. होकायंत्र बिघडलं होतं? तिने नकाशा खडकावर पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. समोर पलीकडच्या रांगेतलं बिकन शिखर लख्ख दिसत होतं, नकाशावरही होतं. तिने कोनमापकाने नकाशावर त्याचा कोन मोजला आणि मग होकायंत्रातून त्याच शिखराकडे पाहिलं.

दोन आकडे जुळेनात. होकायंत्राचा आकडा सतरा-अठरा अंशांनी कमी येत होता.

दुसरं शिखर घेतलं. तेवढाच फरक. तिसऱ्यालाही तेवढाच.

ती मांडी घालून खाली बसली. लहानपणापासून ती या डोंगरांत वाढली होती, पण होकायंत्र लावून कधी चालली नव्हती. इथल्या कुणालाच त्याची गरज पडत नसे. नकाशाच्या तळाशी, कोपऱ्यात, आजवर तिने शोभेचं समजून सोडून दिलेलं एक चित्र होतं. एकाच बिंदूतून निघालेले दोन बाण. एक सरळ वर गेलेला, दुसरा जरासा उजवीकडे कललेला. सरळ बाण खऱ्या उत्तरेचा, कललेला सुईच्या उत्तरेचा. मधे बारीक अक्षरांत अंश छापलेले. या मुलखात होकायंत्राची सुई नकाशाच्या उत्तरेला उभी राहतच नाही, पूर्वेला झुकते.

म्हणजे नकाशावरचे चाळीस अंश जसेच्या तसे होकायंत्रावर लावणारा माणूस शाफ्टपाशी जात नाही. तो इथे येतो. या कड्यावर.

आणि वेनराइट चाळीस लावून, नाकासमोर चालत, नेमका शाफ्टवर पोचला होता.

तिने घाईघाईने नकाशा गुंडाळायला घेतला. मग तिने स्वतःला आवरलं. तो म्हणेल, मी सुधारणा केली होती, सांगायचं राहिलं. कोर्टात कुणीही तसं म्हणेल. त्याला हे ठाऊक आहे की नाही, ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं, आणि साक्षीदारांपुढे.

५

"अहवालात लिहायचंय, म्हणून एकदा जागेवर दाखवा," असं सांगून तिने वेनराइटला रविवारी धारेवर आणलं. फेल्प्स कुरकुरत आला. केसलरला तिने त्याचं स्वतःचं होकायंत्र घेऊन बोलावलं होतं. तिच्या हाताखालचा डेप्युटी ओरिन आला नाही. त्याला तिने सकाळीच न्यायाधीशांची सही घेऊन दुसरीकडे पाठवलं होतं.

"सगळ्यांनी बंदुका घोड्यांपाशी ठेवा," मायते म्हणाली. "लोखंडाने सुई हलते, असं नंतर कुणी म्हणायला नको."

"बाईंनी फार मनावर घेतलंय," वेनराइट हसत फेल्प्सला म्हणाला, आणि चकतीपाशी वाकला. त्याने रेघेचा कोन पुन्हा मोजून दाखवला. चाळीस. होकायंत्रावर चाळीस लावले. "आणि निघालो असा."

तो चालायला लागला. झपझप, ओळखीच्या वाटेने जावं तसा. मायते त्याच्या खांद्याला खांदा लावून चालली.

"मिस्टर वेनराइट, थांबा जरा. हातातल्या होकायंत्राकडे पाहा. तुम्ही चाळीसवर चालताय?"

त्याने खाली पाहिलं. सुई भलतीकडेच होती.

"चालताना हलते ती," तो म्हणाला.

"मग उभं राहून पाहा. घाई नाही."

त्याने उभं राहून, श्वास धरून पाहिलं. चाळीस अंशांची दिशा त्या उघड्या कड्याकडे जात होती. शाफ्ट होता पार डावीकडे. तो परत चकतीवर गेला. पुन्हा पाहिलं. होकायंत्र बोटाने टिचकावलं.

"हे बिघडलंय."

"केसलर, तुमचं द्या त्यांना."

केसलरच्या होकायंत्राने तोच कडा दाखवला. फेल्प्स आता कुरकुरत नव्हता.

"एक मिनिट," केसलर भुवया आकसून म्हणाला, "पण तुम्ही सुईची सुधारणा केलीच नाहीत की. नकाशाचा कोन सरळ होकायंत्रावर कोण लावतं? इथे सुई पूर्वेला झुकते."

वेनराइटच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू पसरलं.

"अर्थात! अर्थात केली होती. त्या दिवशी केली होती, आज तुमच्या गडबडीत विसरलो. हे काय मला शिकवायला हवं?"

मायते याच वाक्याची वाट पाहत होती.

"छान. मग किती लावले होते होकायंत्रावर? चाळिसात सुधारणा मिळवली होती की वजा केली होती?"

त्याने हातातल्या होकायंत्राकडे पाहिलं.

"सोपा प्रश्न आहे. मिळवली की वजा?"

"मिळवली," वेनराइट म्हणाला. "सुई पूर्वेला झुकते ना? मग मिळवायचीच."

केसलरने डोळे मिटून घेतले. "वजा करतात," तो हळूच म्हणाला. "मिळवलीत तर तुम्ही आणखी उजवीकडे जाल."

"हा जो कडा दिसतोय, त्याच्याही पलीकडे," मायते म्हणाली. "सुधारणा केली नाही तर कडा. मिळवली तर पार दरीपलीकडचा उतार. शाफ्टवर नेणारी एकच रीत आहे, आणि ती तुम्हाला आजही माहीत नाही. पेन्सिलीची रेघ तुम्ही पाहिलीत, कोन मोजलात, सगळ्यांना दाखवलंत. पण त्या रेघेवरून तुम्ही चाललाच नाहीत. चालायची गरजच नव्हती. शाफ्ट कुठे आहे हे तुम्हाला मंगळवारपासून ठाऊक होतं."

"मग मी सांगितलं कशाला?" तो ओरडला. "गप्प बसलो असतो!"

"मीही हेच विचारत होते स्वतःला. म्हातारा बेपत्ता असता तर सुनावणी लांबली असती. कुणीतरी वॉशिंग्टनला लिहिलं असतं, मोजणीचे जुने कागद निघाले असते. तुम्हाला म्हातारा मेलेला हवा होता, अपघाताने मेलेला, आणि सोमवारच्या आत. नळीचं झाकण घाईत सवयीने लावलंत, तिथे चुकलात."

खालून ओरिनची जीप घरघरत वर आली. तो उतरला आणि त्याने तंबाखूचा एक डबा मायतेच्या हातात दिला. "यांच्या घरच्या शेगडीच्या राखेत होती," तो म्हणाला. आत काळवंडलेली पितळी कडी खळखळली. कापड जळालं होतं, पितळ राहिलं होतं.

वेनराइटने डब्यातल्या पितळाकडे पाहिलं.

"त्यानेच मला बोलावलं वर," तो शेवटी म्हणाला. आवाजातलं सगळं मार्दव गळून गेलं होतं. "म्हणाला, सोमवारी भर कोर्टात तुमची फजिती व्हायला नको, म्हणून आधी दाखवतो. माझा पाट या शाफ्टमधून निघालेल्या मातीवरून गेलाय म्हणे, आणि शाफ्टच खणला नकाशाच्या नंतर, म्हणजे पाट त्याहून अलीकडचा. कापडावर माझा पाटच नव्हता. उगाल्देचा होता, एकट्याचा. रँच विकणाऱ्याने मला फसवलं होतं. मी म्हटलं, ते कापड मला द्या. तो हसला. नकाशा गुंडाळायला लागला. मी ओढला, तो दगडावर आपटला आणि उठलाच नाही. मग मी नळी झाकण लावून त्याच्या पाठीला बांधली, आणि..."

ओरिनने त्याच्या हातांत बेड्या घातल्या.

६

खाली उतरताना केसलरने घोडा तिच्या घोड्याजवळ आणला. हॅट काढून हातात धरली होती.

"शेरीफ, तुमचा भाऊ मंगळवारी दुपारी माझ्याबरोबर होता. शेजारच्या काउंटीत, कंपनीच्या वकिलाकडे."

मायतेने लगाम खेचला. "तुम्हाला हे माहीत होतं? आणि तुम्ही त्याला कोठडीत बसू दिलंत?"

"कंपनीचा हुकूम होता. सुनावणीपर्यंत तोंड उघडायचं नाही. त्याला शिक्षा होऊ दिली नसती मी."

"असं तुम्ही स्वतःला सांगत होतात."

त्याने मान खाली घातली. तिला पुढचं विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. "वकिलाकडे कशाला?"

"त्याने पाणी विकलं कंपनीला. सगळा हक्क. सही करून दिली."

कोठडीचं दार उघडलं तेव्हा बिशेंते उठला नाही. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं होतं.

"मेंढ्यांत आता राम नाही, मायते," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "मेंढपाळ मिळत नाहीत, माझे गुडघे गेलेत. पोरं रिनो शहरात गेली, परत येणार नाहीत. आणि म्हातारा काही सांगेना. मला वाटलं, आपला पाट कापडावर नसला तर सोमवारी हातात काहीच राहणार नाही. त्याच्या आधी..."

"आपला पाट होता," ती म्हणाली. "आपला एकट्याचाच होता."

त्याने मान वर केली.

"ज्या दुपारी तू सही करत होतास, त्याच दुपारी अंकल जेब ते कापड कुणाला देत नव्हता. म्हणून मेला तो."

बिशेंतेने तोंड दोन्ही हातांत झाकलं. मायते दारात उभी राहिली. जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, आणि ठेवला नाही. कोठडी उघडी टाकून ती बाहेर गेली.

सुनावणी झाली. वेनराइटचा दावा उरला नव्हता. त्याच्या जबानीवरून उगाल्देंचा पाट सगळ्यात जुना ठरला, आणि तो हक्क विक्रीच्या कागदाने मिलकडे गेला. ऑक्टोबरात, मेंढ्या विकून झाल्यावर, पाटाचं तोंड बंद करायचा दिवस ठरला. त्या कामाला शेरीफने हजर राहावं, असा कोर्टाचा हुकूम होता.

मायते बिल्ला लावून गेली. ॲस्पेनच्या झाडांची पानं पिवळी होऊन पाण्यावरून वाहत होती. केसलरची दोन माणसं फळी घेऊन उभी होती. बिशेंतेने काही न बोलता त्यांच्या हातातून ती घेतली. बापाने खडकात खोदलेल्या खाचेत त्याने ती बसवली आणि पायाने दाबली. ओढा फळीवर आपटला, वळला, आणि खाली मिलकडे निघून गेला.

माणसं गेली. बहीणभाऊ उभेच राहिले. पाटातलं पाणी हळूहळू ओसरत होतं, तळाचा गाळ दिसायला लागला होता. मग त्या गाळात काहीतरी चमकलं, उडालं. एक ट्राउट मासा. मग दुसरा. पाट जसजसा आटत गेला तसतसे ते जागोजागी दिसू लागले, तोंडं उघडी, शेपट्या आपटत.

मायतेने हॅट काढली, ओढ्यातून भरली, आणि बूट न काढताच पाटात उतरली. तिने पहिला मासा दोन्ही हातांनी उचलून हॅटमध्ये सोडला.

"बघत काय बसलास?" ती वर न पाहता म्हणाली. "तुझ्या डोक्यावर पण हॅट आहे ना?"

बिशेंते दुखऱ्या गुडघ्यांनी बांध उतरून खाली आला.